गाडी दारात आली होती

अन्लोगा
३ फेब्रुवारी २०१२

एन्योनाम,

आई गेली. तुझी आत्या होहोएला तुझ्या शाळेत निरोप धाडला म्हणाली, म्हणजे तुला कळलंच असेल. तरी माझ्या हातानं लिहायला हवं म्हणून लिहिलं. आई गेली. पोटात दुखत होतं, आणि मग गेली.

तिला शवागारात ठेवलंय. माती मार्चच्या पहिल्या शनिवारी. तोपर्यंत याओ मामाची लगीनघाई चाललीय बघ. मंडप मोठा हवा, स्पीकर मोठे हवेत, पोस्टरवर आईचा फोटो मोठा आणि खाली याचं नाव त्याहून मोठं. बहीण जिवंत होती तेव्हा हाच मामा आपल्या वडापच्या गाडीत घालून तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेऊ शकला नाही. आता सगळ्या गावाला पोहोचवून आणतो. मला तो समोर दिसला की हातात येईल ते फेकून मारावंसं वाटतं.

मातीला वाटायची पुस्तिका छापायची आहे. त्यात एक पान माझं, 'मुलीचे मनोगत'. मंडपात ते मीच वाचणार. लिहिलंय. आपल्या लेखन मंडळात परवा वाचलं गेलं. तू गेल्यापासून माझं लिखाण सेनाम वाचते. पद्धत तीच: वाचायचं दुसरीनं, लिहिणारीनं मांडीखाली हात घालून गप्प बसायचं. सेनामला अर्ध्यातच रडू फुटलं, बाकीच्यांनी तिला साथ दिली. अत्सू सरांनी खाली 'उत्कट' एवढंच लिहिलं, आणि एकही लाल खूण नाही. अत्सू सर आणि लाल खूण नाही! तूच सांग, असं कधी झालंय?

नक्कल सोबत आहे. सुरुवात अशी: 'आई, ज्यानं तुला मारलं तो आज मैताचं काळं-लाल कापड गुंडाळून पहिल्या रांगेत बसलाय. तू पोट धरून ओट्यावर वाकली होतीस तेव्हा तो आपल्या टायरची हवा बघत होता. मंगळवारी त्याची गाडी दारात आली आणि तुला न घेता निघून गेली.' पुढचं तू वाचशीलच. मामाला यातलं काही माहीत नाही. माइकवरनंच कळू दे.

तुला पाठवतेय ते फक्त स्वल्पविराम बघायला. बाकी झालंय.

जिग्बोदी


होहोए
९ फेब्रुवारी

जिग्बोदी,

निरोप आला तेव्हा मी वसतिगृहाच्या नळावर कपडे धूत होते. धुणं तसंच टाकून भिंतीमागे जाऊन बसले. तुझ्या आईनं मला किती वेळा जेवू घातलंय, आणि जेवताना किती वेळा 'हाडं मोजायला ये माझ्याकडे' म्हणून चिडवलंय. तिच्या कापडाला येणारा माशांच्या धुरीचा वास मला इथे बसून येतो. मातीला यायला सुट्टी मागितली. मॅडम म्हणाल्या, नात्यातली नाहीस. मी म्हटलं, नात्यातल्यांहून जवळची आहे. त्या म्हणाल्या, तसा रकाना नाही.

आता मजकूर. स्वल्पविराम ठीक आहेत.

पण हे तुझ्या आईबद्दल नाही, जिग्बोदी. हे याओ मामाबद्दल आहे. त्याचे टायर, त्याचं पोट, त्याची अंगठी, त्याचं ते मोठ्यानं हसणं, सगळं हुबेहूब उतरलंय, तो माणूस अगदी डोळ्यांपुढे उभा राहतो. आई मात्र पार शेवटच्या ओळीत 'तू फार प्रेमळ होतीस' एवढ्यापुरती येते आणि जाते. बाईला जन्मात कुणी नुसतं प्रेमळ म्हटलं असतं तर तिनं त्याला सुपानं हाणलं असतं. तिच्या मातीचा दिवसही तू मामाला देऊन टाकलास.

आणखी एक. 'गाडी दारात आली आणि तुला न घेता निघून गेली.' इथे मला ठेच लागली. दारात आली, मग काय झालं? ज्याला न्यायचंच नाही तो गाडी दारात कशाला आणेल? आणि दारात आलेल्या गाडीत आजारी माणूस का बसत नाही? या दोन गोष्टींच्या मध्ये एक वाक्य होतं. ते तू गिळलंयस.

ते लिहिल्याशिवाय हे वाचू नकोस.

तुझी,
एन्योनाम


अन्लोगा
१४ फेब्रुवारी

परीक्षकबाईंना साष्टांग नमस्कार,

दोन टर्म होहोएला काय राहिलीस, डोंगराची हवा डोक्यात गेली वाटतं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? तू होतीस का इथे? तिला कण्हताना ऐकलंस? तिचं अंग पुसलंस? ज्याचं जळतं त्याला कळतं, एन्योनाम. तुझी आई धडधाकट आहे, दर महिन्याला तुला कसाव्याची गारी आणि साखर पाठवते. तू बस भिजवून खात आणि माझ्या वाक्यांत ठेचा शोधत.

आणि 'गिळलंस' म्हणजे काय गं? मी खोटं लिहिलं असं म्हणायचंय तुला? सरळ म्हण ना. की मामाची बाजू घ्यायचीय? मागच्या ख्रिसमसला त्यानं तुला फुकट सोडलं होतं नाही का, त्याची परतफेड असेल.

इथे एकजणही असं बोलला नाही. सगळ्यांनी माझा हात धरला. तू मात्र जखमेवर मीठ चोळून वर बोट घालून बघितलंस.

तुला आई हवीय ना मजकुरात? घे आई. सोबत नवा मजकूर जोडलाय. 'ती कुटुंबाचा आधारस्तंभ होती. मनमिळाऊ, कष्टाळू, देवभीरू. तिच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे.' यात मामा नाही, टायर नाहीत, गाडी नाही. झालं समाधान?

जिग्बोदी

(तुझी वगैरे नाही.)


होहोए
१८ फेब्रुवारी

जिग्बोदी,

तुझ्या नावाचा अर्थ धीर. ज्यानं ते ठेवलं त्याला शोधून जाब विचारायला हवा.

तुझा नवा मजकूर आमच्या मेट्रनला लावून बघितला. चपखल बसला. मग स्वयंपाकघरामागे बांधलेल्या बोकडाला लावून बघितला. 'देवभीरू' सोडलं तर त्यालाही बसला. हा तू कुणाच्या तरी जुन्या पुस्तिकेतून उतरवलास. मला चिडवायला उतरवलास, आणि मी चिडले. मैताच्या पुस्तिका तुमच्या घरात माशांच्या टोपल्यांखाली अंथरलेल्या असतात हे मला माहीत नाही असं समजू नकोस.

मामानं मला फुकट सोडलं म्हणे! वाचून माझं डोकं असं फिरलं की पत्र घेऊन मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. मला तुझा मामा कधीच आवडला नाही. बोलतो तेव्हा थुंकी उडते. पण न आवडणं वेगळं आणि मारलं म्हणणं वेगळं. तू शंभर माणसांपुढे, माइकवर, त्याच्या बहिणीच्या शवपेटीसमोर त्याला खुनी म्हणणार आहेस. खरं असेल तर म्हण, मी टाळ्या वाजवीन. पण खरं असतं तर ते वाक्य तू गिळलं नसतंस. तुला मी ओळखते. तू ज्याच्यावर चिडतेस त्याचं काहीही बाकी ठेवत नाहीस. आणि इथे ऐन मोक्याच्या जागी तुझी गाडी नुसती 'निघून जाते'.

तुला कुणी काही बोललं नाही याचं कौतुक सांगतेस. त्यांनी तुझा मजकूर वाचलाच नाही, जिग्बोदी. त्यांनी मेलेल्या बाईच्या पोरीकडे बघितलं आणि भ्याले. अत्सू सरसुद्धा. मी दूर आहे, तुझा चेहरा मला दिसत नाही, म्हणून मला अक्षरं दिसली.

आणि हे काही अत्सू सरांचं खूळ नाही. तुझ्या आईच्या गाण्याच्या मंडळात बायका गाणं तासायला बसायच्या ते विसरलीस? गाणं रचणारी आधी चार जणींपुढे म्हणायची, आणि चार जणी ते लाकूड तासावं तसं तासायच्या. मगच ते चौकात जायचं. आपण दोघी भट्टीआड बसून ऐकायचो. आकू मावशीनं आपल्या नवऱ्याच्या मैताचं गाणं आणलं होतं. तुझी आई माशांच्या खोक्यावर बसून म्हणाली होती, 'आकू, यात तू किती रडलीस तेच आहे. तो कुठाय?' मावशी उठून गेली, पंधरा दिवस बोलली नाही. पण चौकात गाणं म्हटलं तेव्हा त्यात तो होता, त्याच्या वाकड्या चालीसकट.

मी तुला तुझ्या आईचंच विचारतेय. आणि पुन्हा विचारते. गाडी दारात आली. मग?

एन्योनाम


अन्लोगा
२३ फेब्रुवारी

एन्योनाम,

गाडीबद्दल मला पुन्हा विचारू नकोस. माझ्या आईला तुझ्या भांडणात साक्षीला बोलावू नकोस.

पहिला मजकूर छापखान्यात देऊन आलेय. एक अक्षर बदललेलं नाही. मामानं विचारलं, काय लिहिलंस. म्हटलं, चांगलंच लिहिलंय. तो म्हणाला, 'चांगलंच लिहिणार, कुणाची भाची आहेस.' शनिवारी वाचणार.

उत्तर पाठवू नकोस.

जि.


होहोए
२८ फेब्रुवारी

जिग्बोदी,

पाठवणार. टपालानं पोहोचणार नाही म्हणून अन्लोगाला कांदे भरायला जाणाऱ्या लॉरीच्या ड्रायव्हरला देतेय. त्याला सांगितलंय, आकू मावशीच्या हातात दे, ती तुझ्या हातात देईल. मॅडमनी मला फाटकाशी त्याच्याशी बोलताना पकडलं आणि आठवडाभर संडास धुवायची शिक्षा दिली. म्हणजे हे पत्र वाचताना नाक मुरडू नकोस, मी त्यासाठी बरंच नाक मुरडतेय.

मला तुझा भयंकर राग आलाय. तू हुशार आहेस आणि मुद्दाम वाईट लिहितेयस, याचा राग. तिकडे कुणी तुझ्या तोंडावर बोलत नाही याचा राग. तू एकटी तिथे उभी राहणार आणि मी इथे संडास धुणार याचा तर इतका राग की लिहिता येत नाही.

छापलेलं परत घेता येत नाही. त्या पुस्तिका घराघरांत जातील. मामाची पोरं मोठी होऊन वाचतील. मामासाठी म्हणत नाही. तुझ्यासाठी म्हणते. तू कधीतरी एकटी बसून ते पान उघडशील, आणि गिळलेलं वाक्य तिथे नसेल.

मला उत्तर देऊ नकोस. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस. पण कागद घे आणि पुढचं वाक्य लिही. फक्त ते एक.

एन्योनाम


अन्लोगा
६ मार्च

एन्योनाम,

आज मंडळात भांडून आलेय. सगळ्यांना सुनावलं. म्हटलं, तुम्ही माझी आई मेली म्हणून माझं लिखाण सोडून दिलंत. एरवी सेनामच्या कोंबडीवरच्या निबंधाला तासभर झोडपता, आणि मी एका माणसाला खुनी ठरवलं तर तुम्ही नाक पुसत बसलात. सर, तुम्हीसुद्धा. सरांनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. म्हणाले, 'बरोबर आहे. मला धीर झाला नाही.' मला अजून चीड आली. बाकीच्यांशी वाद घालता येतो, बरोबर आहे म्हणणाऱ्याचं काय करायचं?

आता शनिवारचं ऐक.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. वाचलं आणि फाडलं. खरंच फाडलं, तुकडे भट्टीत टाकले. मग तुला एकदाचं गप्प करायचं म्हणून कागद ओढला. गाडी दारात आली, मग काय झालं विचारतेस काय, तर घे, असं म्हणून लिहायला लागले, आणि मग हात थांबेना.

गाडी आली. मामानं हॉर्न दिला. उतरला, मागची सीट पुसली, त्यावर उशी ठेवली. एन्योनाम, घरून उशी आणली होती त्यानं. आई ओट्याला धरून उभी होती. आदल्या दोन दिवसांत मांदेलीची मोठी रास आली होती, सगळी धुरी देऊन तयार, आणि दुसऱ्या दिवशी बाजार. आई म्हणाली, 'याओ, आधी या टोपल्या बाजाराला टाकून ये. दवाखान्यात मी उद्या येते.' मामा म्हणाला, 'मासे मरू देत, बस आत.' आई हसली. म्हणाली, 'मासे थांबत नाहीत, पोट थांबतं.' मामानं आवाज चढवला. आईनं त्याहून चढवला. तिच्या आवाजापुढे तो जन्मात कधी टिकलाय? पुटपुटत टोपल्या चढवल्या त्यानं. सीटवरची उशी काढून तिथेही एक टोपली ठेवली. गाडी गेली. मासे छान विकले गेले. पोट थांबलं नाही.

हे वाक्य होतं ते. मी दारात उभी राहून सगळं बघितलं होतं. मग मामाला का धरलं? कारण त्याला धरता येतं. तो जिवंत आहे, जाडा आहे, बोलतो तेव्हा थुंकी उडते. आईवर चिडायचं तर ती फ्रीजमध्ये.

शुक्रवारी छापखान्यात गेले. छापखानेवाल्यानं बाकीची पानं छापून ठेवली होती, माझं व्हायचं होतं. म्हटलं, थांबव. तो माझ्या सात पिढ्यांना काय काय म्हणाला ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. वर नुसतं 'मुलीचे मनोगत' आणि खाली कोरं, असंच पान गेलं. शनिवारी सकाळी मामानं पुस्तिका उघडली आणि मंडपात सगळ्यांदेखत ओरडला, 'कोरं पान छापायला मी छापखाना लावला होता काय?' माझं बोलायचं ते कागदावर होतं.

माझं नाव पुकारलं. माइक हातात घेतला. वाचायला लागले: 'आई, मी तुझ्यावर रागावले आहे. तू खोटारडी आहेस. पोट थांबतं म्हणालीस. तू सगळ्या बाजाराला भाव शिकवलास आणि स्वतःचा भाव एका टोपलीएवढा केलास. गाडी दारात आली होती. उशी होती. तू मासे बसवलेस.'

आधी कुणीतरी 'श्श' केलं. पाद्री खोकले. मी थांबले नाही. तिची सुपानं मारायची सवय वाचली, लोकांची हाडं मोजणं वाचलं, आकू मावशीच्या गाण्याला कापलं ते वाचलं. वाचून झालं, नुसती स्पीकरची घरघर उरली. मला वाटलं, संपलं, आता मला हाकलून देतील.

तेवढ्यात आकू मावशी उठली. माझ्याकडे नाही, पेटीकडे बघून ओरडली, 'मला म्हणालीस वारा धरलाय पोटात! उतरेल म्हणालीस! खोटारडे!' तिच्यामागून कांदेवाली उठली. 'मला म्हणालीस, काल जास्त खाल्लं!' मग एकेक बाई उठायला लागली. प्रत्येकीला आईनं वेगळी थाप मारली होती. नर्सबाई तर रागानं ताडकन उठल्या. म्हणाल्या, 'मी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली होती, त्यात हिनं मिरच्या बांधल्या.' लोक हसले आणि रडले आणि पुन्हा शिव्या द्यायला लागले. एवढं भांडण त्या पेटीनं कधी ऐकलं नसेल. आई ऐकत होती असं मला वाटलं. एन्योनाम, गेल्यापासून पहिल्यांदा वाटलं की ती तिथे आहे.

मग मामा उठला. माझ्या हातातून माइक काढून घेतला. मला वाटलं, आता कानाखाली बसते. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. पेटीकडे गेला, माइक तोंडापासून लांब धरला, पण सगळ्यांना ऐकू आलं. म्हणाला, 'आफी, टोपल्या रस्त्यावर फेकायला हव्या होत्या मी. तुला उचलून कोंबायला हवं होतं गाडीत. तू मला वाटेल ते बोलली असतीस, वर्षभर बोलली असतीस. मी ऐकून घेतलं असतं.' तेवढंच म्हणून तो तिथेच खाली बसला. एवढा मोठा माणूस, वाळूत.

मी त्याच्या शेजारीच उभी होते. सगळ्यांच्या हातात ती पुस्तिका होती. त्या पानावर काय असणार होतं ते फक्त मला, तुला आणि 'उत्कट' म्हणणाऱ्यांना माहीत आहे.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. बोकड विसरणार नाही मी. पण आता मला कुणी वा छान म्हटलं तरी मी त्याला विचारणार, काय छान, कुठे छान, बोट ठेवून दाखव.

काल संध्याकाळी मामानं बोलावलं. मामीनं मक्याच्या पिठाचं आक्प्ले आणि भेंडीचं कालवण केलं होतं. जेवायला बसलो. मग त्यानं कालवणात मासा बघितला आणि आईचं नाव घेऊन एक शिवी हासडली. मी दुसरी हासडली. तिला शिव्या देत देतच आम्ही दोघं पोटभर जेवलो.

जिग्बोदी